लाल पेशीला केंद्रक नसतं

कोणत्या घरात कुणाचं चालतं, हे दवाखान्यात लगेच कळतं. विज्ञानाच्या सरांच्या घरात आक्काचं चालायचं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे सरांची बोलती बंद.

सरांच्या बायकोचं ऑपरेशन झालं आणि फार रक्त गेलं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या गटाच्या लाल पेशींची पिशवी तयार आहे. फक्त हो म्हणा."

"परक्याचं नको," आक्का मध्येच म्हणाली. "कोण, कुठला, कसल्या वळणाचा! तेच गुण हिच्यात उतरायचे. माझा मुलगा निघालाय, त्याचं घ्या."

"त्यांना पोचायला संध्याकाळ होईल. तोवर थांबणं धोक्याचं आहे."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. दरवर्षी ते वर्गात कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत, मग स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी. 'दोन्हींत गडद ठिपका दिसतो ना? ते केंद्रक. आईबापांचा वारसा त्यात असतो.' मग लाल पेशी दाखवत, 'आता हिच्यात शोधा!' मुलं शोधून दमायची, कारण माणसाची लाल पेशी तयार होतानाच केंद्रक टाकून देते. सरांना हे तोंडपाठ होतं. आणि सर गप्प होते!

दुपार उलटली. पांढऱ्याफटक ओठांनी बायको हळूच बोलली.

"अहो, कांदा माझ्याच स्वयंपाकघरातून नेता. धडा घरी इतक्यांदा म्हणता की मलासुद्धा पाठ झालाय. लाल पेशीत केंद्रकच नाही, तर कुणाचे गुण कुठून येणार? पोरांपुढे आवाज चढतो, मग आक्कांपुढे काय होतं?" तिला धाप लागली. "मी गेल्यावर सांगणार आहात का त्यांना?"

सर खिडकीपासून वळले.

"आक्का, पुरे!" ते म्हणाले. "रक्तातून स्वभाव येत नाही. मला सकाळपासून ठाऊक आहे. डॉक्टर, रक्त लावा!"

थेंब उतरू लागले तशी आक्का पलंगाशी आली. पिशवीवर कुणाचं नाव नव्हतं, नुसता गट आणि आकडे. तिचे डोळे भरले.

"माझ्या हट्टापायी ही गेली असती रे! मुलगा येतोय ना, त्याचं रक्त घ्या. कुणालाही द्या."

बायको वाचली. पण तरतरी आल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "सकाळपासून ठाऊक होतं?"



वाचकहो, आक्काला माहीत नव्हतं, तिला समजावता आलं. सरांना माहीत होतं! आपल्यालाही पुष्कळ काही माहीत असतं. ते घरातल्या थोरांसमोर, वेळेवर बोलायला शिकूया. नाहीतर आपल्या शिकण्याचा आपल्याच माणसाला काही उपयोग नाही.