वेगळं धुणं

सोनाबाईच्या धुण्याला गावात तोड नव्हती, आणि हे गावाच्या आधी सोनाबाई स्वतःच सांगायची. पेज नदीच्या काठावरचा पहिला सपाट दगड तिचा. दुसरी कुणी त्यावर बसलेली दिसली की ती कमरेवरची पाटी तशीच धरून शेजारी उभी राहायची, तोंडातून ब्र न काढता. बसलेलीच मग मुकाट सरकायची. सोड्याचं पाणी, साबणाची निळी वडी आणि लाकडी धोपाटणं, यांच्या जोरावर तिनं नवऱ्याचा, मालोजीचा, सदरा असा पांढरा ठेवला होता की कर्जतच्या बाजारात माणूस हरवला तर सदऱ्यावरून सापडावा.

आता अशा बाईच्या घरी सून यावी ती कोण? तर हर्षला. खालापूरची. तिकडे बायकांनी मिळून चालवलेल्या एका शेडमध्ये सूत रंगवायला जाणारी. डाळिंबाची सालं, हिरडा, मंजिष्ठ, नीळ, असलं काय काय भिजवायचं, उकळायचं आणि त्यात सुताच्या लडी बुडवायच्या. लग्न झाल्यावरही तिनं काम सोडलं नव्हतं. स्कूटीवर टांग मारायची की निघाली. पोरगी गोड, कामाला वाघ, सासूला तोंडभरून आई म्हणणारी. नाव ठेवायला जागा नाही. पण एक गोष्ट होती, आणि ती सोनाबाईच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

हर्षला आपलं धुणं वेगळं धुवायची.

घरामागं, आंब्याखाली, आपली एक प्लास्टिकची बादली घेऊन बसायची. रात्री भिजवलेले रिठे कुस्करायचे, त्याचा फेस करायचा, साडी त्यात अशी हलकेच दाबायची की जणू तान्हं बाळ न्हाऊ घालतेय. आपटायचं नाही, पिळायचं नाही. मग उलटी करून सावलीत दोरीवर टाकायची. सावलीत! धुणं सावलीत वाळवणारं माणूस सोनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"आण गं इकडं, माज्याबरोबर नदीवर नेते," ती सुरुवातीला म्हणाली होती.

"राहू द्या आई, मी धुते ना माझं," हर्षला घाईघाईनं म्हणाली आणि साडी पाठीमागं लपवल्यासारखी धरली. सोनाबाईनं ते पाहिलं. तेव्हापासून तिनं विचारलं नाही, पण विसरलीही नाही.

त्यात शेजारची पारू. पारूला दुसऱ्याच्या घरातलं आधी कळतं, आपल्या घरातलं नंतर. नदीवर शेजारच्या दगडावर बसून ती म्हणाली, "सोने, तुला सांगू का? राग नको येऊ देऊ. माज्या जावेनं पण आदी बादलीच वेगळी केलीवती. मंग चूल वेगळी. आता बदलापूरला राहतात नं दोघं."

"गप गं," सोनाबाई म्हणाली आणि धोपाटणं असं आपटलं की पारूच्या तोंडावर पाणी उडालं.

पण पारूचं बोलणं काही मनातून जाईना. कारण अक्षयच्या बोलण्यात हल्ली शेलू फार यायचं. अक्षय तिचा एकुलता एक. अंबरनाथला कंपनीत होता. शेलूला स्टेशनाजवळ नव्या इमारती झाल्यात, तिथून कामावर जायला सोपं पडतं, अमक्यानं घेतलं, तमका घेतोय. मालोजी हं हं करून भाकरी मोडायचा. सोनाबाई मात्र भाकरी तशीच ठेवून अंगणाकडं बघायची. एवढं मोठं अंगण, दोन खोल्या मागं वाढवलेल्या, त्या काय शेळ्या बांधायला? पोरगं गेलं तर ती आणि मालोजी एकमेकांची तोंडं बघत बसणार, आणि मालोजीचं तोंड ती गेली कितीतरी वर्षं बघतच होती.

तर चैतातला एक रविवार. सकाळीच दोघं नटून निघाले.

"आई, शेलूला जाऊन येतो," अक्षय म्हणाला. "कंपनीतला मनोज राहतो नं, त्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट हाय. बगून येतो जरा."

"बगा बापडे," सोनाबाई म्हणाली. स्कूटी वळणाआड गेली तशी ती ओट्यावर येऊन बसली. झालं. आज बघणार, उद्या ठरवणार.

बसून बसून तिची नजर आंब्याखाली गेली. तिथं हर्षलाची पिवळी साडी खुंटीला अडकवलेली होती. सगळ्यात आवडती. काल बारशाला नेसली होती आणि पदरावर कुणाच्या पोरानं बासुंदी सांडली होती. संध्याकाळी धुवायला म्हणून काढून ठेवलेली.

सोनाबाई उठली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, निदान तिला तरी तसं वाटलं. पोरीला आपल्या हातचं धुणं माहीतच नाही! एकदा बघू दे. एकदा ही साडी अशी झगझगीत करून दोरीवर घालते, की शेलूहून आल्या आल्या म्हणेल, आई, आजपासून सगळं तुमच्याकडेच. धुणं एक झालं की घर एक राहिलं. एवढं सोपं होतं ते. तिनं साडी पाटीत घातली, वर सोड्याचा पुडा ठेवला, बादली घेतली आणि नदीची वाट धरली.

वरच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. सोनाबाईनं बादलीत सोडा कालवला, साडी त्यात दाबली, बासुंदीच्या डागावर निळी वडी घासली. आणि बघते तर काय, वडीखालचा पिवळा रंग लालभडक!

"अगं बया!"

तिनं साडी ओढून बाहेर काढली. पदर लाल, काठ लाल, निऱ्या लाल. आख्खी साडी वेड्यासारखी लाल होत चालली होती, आणि बादलीतलं पाणी तर बघवत नव्हतं.

"काय कापलंस गं?" पारू धावत आली.

"कापतेय कशाला! सुनंची साडी हाय. पिवळी हुती."

दोघी वाकून बघत राहिल्या. मग सोनाबाईच्या हळूहळू ध्यानात आलं. मालोजीच्या सदऱ्यावर कालवण सांडलं आणि त्याला साबण लावला की अगदी हाच रंग येतो. "पारू, ही हळद हाय गं. आख्खी साडी हळदीत रंगवलीय पोरीनं!"

"मंग लिंबू लाव. लिंबानं हळद परत पिवळी होते, लोणच्याच्या फडक्याला बगतो नं आपण," असं म्हणून पारू घराकडं पळालीसुद्धा. पारूची तिच्या सगळ्या आयुष्यात कुणी इतक्या आशेनं वाट बघितली नसेल. ती ओच्यात लिंबं घेऊन आली. दोघींनी दातांनी लिंबं फोडली, स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळली आणि देवाचं नाव घेऊन साडी बुडवली. आणि खरंच, लाल विरलं. पिवळा रंग वर आला, आधी काठाला, मग निऱ्यांना, मग पदराला. बासुंदीचा डागही गेला होता. सोनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं पारूच्या पाठीत अशी थाप मारली की पारू दगडावरून घसरता घसरता वाचली.

इथं थांबली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण जन्माची सवय कुठं जाते? धुतलं की उन्हात घालायचं. तिनं साडीची दुहेरी घडी केली, तापलेल्या खडकावर ऐसपैस पसरली, वर चार गोटे ठेवले आणि पारूबरोबर करंजाच्या सावलीला जाऊन बसली. पारूनं भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. जिवावरचं टळल्यावर माणसाला बोलायला फार येतं. दोघी बोलल्या, हसल्या, पुन्हा पारूची जाऊ निघाली, मग जावेची विहीण निघाली. वर सूर्य आपलं काम करत होता.

उठून साडी उचलायला गेली तर वरची बाजू ताकासारखी फिक्कट. घडी उलगडली तर आतली बाजू पिवळीधमक. अर्धी साडी गेलेली, अर्धी असलेली.

हळदीचा डाग उन्हात जातो हे गावातल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. सोनाबाईनं तर उभा जन्म तेच केलं होतं. आज तेवढंच नेमकं आठवलं नाही.

"आता?" पारू म्हणाली.

"आता काय. तू घरी जा," सोनाबाई म्हणाली आणि साडीची घडी घालू लागली.

चार वाजता स्कूटी आली. सोनाबाई ओट्यावरच बसली होती, मांडीवर साडीची घडी. मालोजी बाजूला पान लावत होता. त्याला अर्धंच कळलं होतं आणि तेवढं पुरे असं त्यानं ठरवलं होतं.

"हर्षला," सोनाबाई म्हणाली, "मी तुजी साडी धुतली. सोडा लावला. मंग उन्हात घातली. वाट लागली तिची. तू काय बोलायचं ते बोल."

हर्षलानं घडी उलगडली. फिकट भागावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अक्षय काहीतरी बोलायला गेला, तिनं हातानं थांबवलं.

"आई, ही तुमचीच हळद होती," ती म्हणाली.

"माजी?"

"लग्नात तुमी उष्टी हळद धाडली नव्हती का? एवढी मोठी परात. जात्यावर तुमी स्वतः दळलेली. आमच्याकडं सगळ्यांना लावून पण उरली. माझी आई म्हणाली, सासरची हळद हाय, टाकायची नाय. मंग मी तिच्यात साडी रंगवली. हळदीचा रंग कच्चा असतो, ऊन लागलं की जातो, म्हणून तर एवढी जपत हुते."

सोनाबाईला ती दुपार आठवली. अंगणात जातं मांडलेलं, खुंट्याला तिचा आणि पारूचा हात, ओव्या म्हणून म्हणून घसा बसलेला. घरात सून येणार म्हणून आनंदानं मूठमूठ जास्तच हळकुंडं घातली होती तिनं. ती हळद पोरीनं अंगावर नेसली होती, आणि आपण तिला धोपाटणं दाखवायला निघालो होतो. तिला रडूच फुटलं. लाज बाळगली नाही, पदर लावला आणि रडली.

"पण मंग वेगळं का धुतेस गं?" हुंदक्यातून तिनं विचारलंच. "माज्या हाताला काय झालंय? मला वाटलं, धुणं वेगळं करतेस ते... तुमाला वेगळंच व्हायचंय."

हर्षला ताडकन आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली ती हातात एक टोपी घेऊन. मालोजीची टोपी. लग्नानंतरच्या आठवड्यापासून हरवलेली. पांढऱ्या टोपीवर निळे निळे डाग पसरलेले.

"पहिल्याच आठवड्यात माझी निळी साडी बाबांच्या टोपीबरोबर भिजली," हर्षला मान खाली घालून म्हणाली. "नवीन साडीचा रंग सुटतो. सगळं गाव तुमच्या पांढऱ्या धुण्याचं नाव काढतं, आणि मी आल्या आल्या हे करून ठेवलं. सांगायची छाती झाली नाय. लपवली. तेव्हापासून माझं काहीच तुमच्या धुण्यात येऊ दिलं नाय."

"म्हंजे शेळीनं खाल्ली नाय टोपी?" मालोजी पान थांबवून म्हणाला. "मी तिला उगाच बडवली का?"

अक्षय खो खो हसत सुटला. मालोजीनं टोपी घेतली, झटकली, डोक्यावर चढवली आणि शेळीकडं बघून घसा खाकरला. बाकी माफी मागायची पद्धत त्याच्याकडं नव्हती.

"आणि फ्लॅट?" सोनाबाईनं विचारलं. हसण्यात तो प्रश्न बुडू द्यायला ती तयार नव्हती.

"कसला फ्लॅट!" अक्षय म्हणाला. "ही बाई दहा मिनिटांत नाय म्हणाली. का, तर गॅलरीत दिवसभर ऊन येतं, साड्या वाळवायला सावली नाय. आंब्याखालची दोरी तिला तिथं कोण देणार? मनोज हसून हसून मेला."

सोनाबाईनं आंब्याकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या साडीकडं. जिला सावली हवी म्हणून पोरीनं घर नाकारलं, तीच साडी आपण खडकावर भाजून आणली होती. ती उठली आणि चहा ठेवला, दोन चमचे साखर जास्त घालून.

पुढच्या रविवारी अंगणात पुन्हा जातं मांडलं. हळकुंडं सोनाबाईनं आणली, दळायला खुंट्याला हर्षलाचा हात लावला. टोप चुलीवर चढला, तुरटीच्या पाण्यातून काढलेली साडी त्यात बुडाली आणि दोन्ही बाजूंनी एकसारखी पिवळी होऊन बाहेर आली. हर्षला म्हणाली, "आता पुढच्या वेळी फक्त रिठे हां आई." सोनाबाई म्हणाली, "पाठ झालंय गं. पिळायचं नाय, आपटायचं नाय. सासरा असल्यागत वागवायचं."

ती पुढची वेळ आली तेव्हा आंब्याखाली दोघी बसल्या. बादलीत रिठ्यांचा फेस, त्यात पिवळी साडी. हर्षला दोरी पुसायला उठली, तेवढ्यात सोनाबाईनं पाटीतून मालोजीचा सदरा काढला आणि बादलीत दाबला. तोच तो, गावात नावाजलेला.

"आई! रंग लागेल त्याला!"

"ठाऊक हाय," सोनाबाई म्हणाली आणि सदरा आणखी खोल दाबला.

मालोजी त्या आठवड्यात बाजारला निघाला तो फिक्या पिवळ्या सदऱ्यात आणि निळ्या डागांच्या टोपीत. पारूनं त्याला कुंपणावरून खालीवर न्याहाळलं आणि तशीच सोनाबाईकडं आली.

"सोने, दादाच्या सदऱ्याला काय झालं गं? पिवळा दिसतोय. सोडा संपला का?"

"काय व्हायचंय?" सोनाबाई रिठे फोडत म्हणाली. "आमचं धुणं एकत्र असतं."