सत्त्याऐंशी श्रद्धांजल्या

गावात कुणी गेलं की श्रद्धांजली उत्तरेश्वर सरांनीच लिहायची, असा जणू ठरावच झाला होता. केज तालुक्यातल्या त्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मजकूर पडला की खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागायची. जिवंतपणी ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही, त्यालाही सर चार ओळींत मोठं करत. आणि खरं सांगायचं तर त्या रांगेची सरांना गोडी लागली होती.

याच सरांनी यंदा शेजारच्या गावच्या आपल्या शाळेत नववीच्या पोरांना बातम्या तपासायला शिकवायचं मनावर घेतलं. फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवले: कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? काय सांगायचं राहिलं? पोरांनी मोबाइलवर आलेलं काहीही आणायचं आणि वर्गापुढं सोलून काढायचं. सत्यमनं पुढाऱ्याचं मधूनच कापलेलं भाषण आणलं, सुरजनं काढ्यानं साखर घालवणारा बाबा आणला. वर्ग खूश होता, सरही खूश होते.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी तेजश्री उठली. अबोल पोरगी. "एका ग्रुपवरचे संदेश हायत. नावं लिहिली न्हाईत," म्हणाली आणि वहीतून वाचू लागली.

"ऊसतोडीला गेलेला आपल्या गावचा कष्टाळू सुपुत्र ट्रॉलीच्या अपघातात क्रूर काळाने हिरावून नेला. भावपूर्ण श्रद्धांजली."

सरांचा खडू हातातच राहिला. वाक्य त्यांचंच होतं. 'क्रूर' हा शब्द त्यांनी मागाहून घातला होता, तेही आठवलं. आणि तो सुपुत्र म्हणजे अजिनाथ, तेजश्रीचा बाप.

"याच्या खाली सत्त्याऐंशी श्रद्धांजल्या हायत," ती म्हणाली.

"मंग खरंच असंल की," सुरज म्हणाला. "एवढे लोक खोटं कावून बोलतील?"

"त्यातल्या एकानं तरी बघितलतं का? मी समदे वाचले. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी त्याचं बघून हात जोडले. सांगणारा एकच हाय."

"आन् त्याला कसं कळलं?" मंजुषानं विचारलं.

"ते न्हाई माहीत."

सरांना माहीत होतं. दिवाळीनंतर एका चॅनलवर उलटलेल्या ट्रॉलीचा व्हिडिओ आला होता, एक ठार म्हणून. त्यात अजिनाथसारखा निळा सदरा दिसला. त्याचा फोन लागेना. आपल्याआधी दुसऱ्या कुणी लिहू नये म्हणून सरांनी लिहून टाकलं. अजिनाथ तेव्हा साताऱ्याकडं एका दवाखान्यात पाय मोडून पडला होता आणि त्याचा फोन ट्रॉलीखाली चुरडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा आवाज गावाला ऐकू आला. सासू आजारी म्हणून त्याची बायको मंगल यंदा गावातच होती. तोवर गल्लीतल्या बायांनी तिच्या बांगड्या फोडून कुंकू पुसलं होतं.

"काय सांगायचं राहिलं?" तिसरा प्रश्न सरांनीच विचारला.

"पहिला संदेश नंतर काढून टाकला, पर मला त्यो पाठ हाय. मंग लोक म्हणाया लागले, नवरा जित्ता असताना हिनंच घाई केली, हिला कुणी सांगितलतं? औंदा आईला एकाबी घरातनं हळदीकुंकवाचं बोलावणं न्हाई."

"पहिला कोण गं?" सुरजनं विचारलं.

"ठाऊक हाय. पर सांगणार न्हाई."

तिनं सरांकडं बघितलंसुद्धा नाही. पंधरा वर्षांची पोर आपली अब्रू झाकतेय, आणि आपण हिच्या आईची उघड्यावर टाकली. सरांना स्वतःची किळस आली. घंटा व्हायला पाचच मिनिटं होती. गप्प राहिले असते तर वेळ निभावूनही गेली असती.

"मी," सर म्हणाले. "लिहिलं मी. चूक कळल्यावर गुपचूप काढून टाकलं तेही मीच. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं."

तेच सगळं त्यांनी दुपारी ग्रुपवर लिहिलं. या वेळी खाली कुणी हात जोडले नाहीत. संध्याकाळी ते अजिनाथच्या घरी गेले. पाय प्लास्टरमध्ये घालून तो बाजेवर पडला होता. शेजारच्या बाया ओट्यावर होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सरांनी सांगितलं, की मंगलनं घाई केली नाही, दोष माझा आहे. मग त्यांनी मंगलपुढं हात जोडले.

मंगल हातातल्या नव्या बांगड्या नुसत्या मागंपुढं करत राहिली.

"बाया आल्या तवा मी हात मागं घेतलता, सर," ती म्हणाली. "म्हणलं, आधी कुनीतरी ह्यांचं तोंड बघून येऊ द्या. तर तेजूनंच मोबाइल म्होरं धरला. म्हणली, आई, आमच्या सरांनी लिहिलंय."