पाय कापलेली खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, मी आयुष्यभर ऐकण्याचेच काम केले, त्यामुळे सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. माझ्या मनात डूख आहे.

माझे लाकूड नाकाडोंगरीच्या बाजूचे. मोहाडीच्या तेजराम सुताराने मला घडवले, तेव्हा माझे चारही पाय पुरते होते. कचेरीजवळ परदेशी नोकरीच्या सल्ल्याचे दुकान थाटणाऱ्या धर्मेंद्रने मला विकत नेले आणि पहिल्याच आठवड्यात करवतीने माझे पाय चार बोटे कापले. समोर बसणाऱ्याने मान वर करूनच बोलावे, एवढाच त्याचा हेतू. त्या दिवसापासून मी त्याची वैरीण झाले.

पण खुर्ची वैर तरी कसे करणार? माझा एक खिळा वर आला होता, त्या खिळ्याने मी जवळून जाणाऱ्या धर्मेंद्रच्या दोन पँटी फाडल्या. मग त्याने तो खिळाही ठोकून टाकला.

माझ्यावर बसणारी माणसे आधीच भ्यालेली असत. धर्मेंद्र त्यांच्यापुढे इंग्रजी कागद टाकून 'वाचा' म्हणे आणि वाचता आले नाही की हसे.

एका दुपारी चिखल्याची आनंदाबाई आली. तिचा नवरा नत्थू आठवी शिकलेला. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशात कामाला जायचे तर सरकारची परवानगी लागते. ती टाळण्यासाठी धर्मेंद्रनेच त्याला फिरण्याच्या व्हिसावर पाठवले होते. तिथे गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो, असे सांगून. व्हिसा काही बदलला नाही. मुदत संपली, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि पायाला जखम झालेला नत्थू एका गोदामात अडकून पडला.

"साहेब, आमच्या घरच्याइले वापस आना नं," ती म्हणाली.

"फिराले गेला होता नं तो? मंग फिरू दे," असे म्हणून धर्मेंद्र चहा प्यायला निघून गेला.

बाई माझे हात धरून तशीच बसून राहिली. मला आग लागावी आणि त्या आगीत त्याचे टेबल, त्याचे शिक्के, सारे जळून जावे, असे मला वाटले. खोटे कशाला सांगू?

दुकानात टायपिंगला हर्षा होती. तिने बाईला पाणी दिले आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसली. नत्थूचा फोन कधी येतो, जेवायला मिळते का, गोदामाचे नाव काय, असे तिने सावकाश विचारले. तिथल्या आपल्या दूतावासाकडे तक्रार करता येते, त्याला खर्च येत नाही, हे समजावले. मुदत संपल्याबद्दल नत्थूला तुरुंगवास होईल का, हे मात्र तिला माहीत नव्हते. तसे तिने स्पष्ट सांगितले आणि विचारून कळवते म्हणाली.

तक्रार लिहिताना शेवटी प्रश्न आला, हा सल्ला कोणी दिला? आनंदाबाईने नको म्हणून मान हलवली. नाव लिहिले तर साहेब चिडून नत्थूचे कागद अडवतील, ही भीती.

"काकू, तुमी म्हनान तसंच लिवीन," हर्षा म्हणाली. "पन नाव नाही लिवलं, तं उद्या दुसरी कोनी इथंच येऊन रडन."

"तुही नोकरी जाईन नं, पोरी."

"जाऊ द्या."

आनंदाबाईने पदराने डोळे पुसले. "मंग लिव. धर्मेंद्र. त्याच्या बापाचं नाव बी लिव."

महिनाभराने पोलीस चौकशीला आले. धर्मेंद्रकडे माणसे परदेशी कामाला पाठवण्याचा परवानाच नव्हता. उभ्या उभ्या 'सर, सर' करताना त्याच्या कपाळावर घाम आला. मी तो मन भरून पाहिला. दुकानाला कुलूप लागले, त्या दिवशी मला फार समाधान वाटले. सामान विकले गेले तेव्हा हर्षाने मला आपल्या घरी आणले. आता ती ओसरीत बसून लोकांचे कागद पाहते.

पुढे दूतावासाच्या मदतीने नत्थू परतला. आनंदाबाई त्याला भेटायला घेऊन आली. तो लंगडत होता. हर्षाने बसायला सांगितले, तरी तो उभाच राहिला.

"सालभर मले कोनी 'बस' म्हनलं नाही, बाई," तो म्हणाला. मग माझ्यावर हळूच टेकला.

मित्रांनो, धर्मेंद्रला मी क्षमा केलेली नाही. तेवढे मोठेपण माझ्यात नाही. उद्या तुम्ही शिकून मोठे व्हाल. परदेशाच्या कागदांनी भ्यालेले कोणी तुमच्यापुढे येईल. त्याच्या अडाणीपणावर हसू नका. ठाऊक असेल तेवढेच खरे सांगा, आणि त्याआधी त्याला बसायला सांगा. नाही सांगितले, तर तुमच्या खोलीतही माझ्यासारखे कोणीतरी सारे ऐकत असेल.