शेवटच्या रांगेपर्यंत

गावात तिला सगळे हॉलबाई म्हणत. डोंगरमाथ्यावरचं हे गाव म्हणजे तीन रस्ते, चाळीसेक हॉटेलं, एक तळं आणि एक हॉल. हॉटेलं पाहुण्यांची, तळं बदकांचं आणि हॉल हिचा. कागदोपत्री तो नगरपालिकेचा होता, पण एकोणतीस वर्षं त्याचं कुलूप हिच्याच हाताने उघडत होतं आणि हिच्याच हाताने लागत होतं, त्यामुळे कागद काय म्हणतो याची चौकशी कुणी करत नसे.

पूर्वी तिथे लाकडाची वखार होती. ती बंद पडल्यावर भिंतींना आतून फळ्या ठोकल्या, दोनशे बारा खुर्च्या मांडल्या आणि वखारीचं नाट्यगृह झालं. नाटकं, गाण्याच्या मैफली, बाहुल्यांचे खेळ, जादूगार, सगळं तिथे होऊन गेलं होतं. प्रयोग नेहमी दुपारी चारला. सातनंतर घाटात धुकं उतरायचं आणि खालून आलेल्या प्रेक्षकांना परतणं अवघड व्हायचं.

हॉलबाईचा कलावंतांसाठी एकच नियम होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशी येऊन राहायचं. इथली हवा विरळ. खाली मैलभर पळणारा माणूस इथे जिना चढला की भिंतीला टेकतो. एका बासरीवाल्याने हा नियम हसण्यावारी नेला होता. पहिल्याच आलापात त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि उरलेली मैफल त्याच्या तबलजीने एकट्याने ओढून नेली. तेव्हापासून हॉलबाई नियम सांगताना बासरीवाल्याचा किस्सा जोडूनच सांगे, आणि मग सहसा कुणी वाद घालत नसे.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या प्रयोगासाठी कार्यक्रम समितीने एक गाजलेलं एकपात्री नाटक ठरवलं. एका म्हाताऱ्या सुईणीची गोष्ट, दोन तासांची, रंगमंचावर एकच बाई. अठरा वर्षं ते नाटक चालू होतं. बैठकीत नाव निघालं तेव्हा सगळ्यांनी हॉलबाईकडे पाहिलं. तिने वहीत तारीख लिहून घेतली.

नाटकातली ती बाई हिची सख्खी थोरली बहीण होती.

दोघी याच गावात वाढल्या. थोरली विसाव्या वर्षी शहरात गेली आणि बघता बघता मोठी नटी झाली. धाकटी मागे राहिली. आईचं आजारपण तिनेच काढलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, त्या संध्याकाळी थोरलीचा प्रयोग होता. तिने तो केला आणि तिसऱ्या दिवशी आली. धाकटी एक अक्षर बोलली नाही. न बोललेली गोष्ट घरात सामानासारखी असते, रोज तिला वळसा घालून जायची सवय होते. दोघी फोनवर बोलत, तब्येत विचारत, हवापाण्याचं सांगत. पण हॉलबाईने ताईला आपल्या हॉलमध्ये कधी बोलावलं नव्हतं.

"शनिवारी ये. एक दिवस हवेत मुरावं लागतं," तिने फोनवर सांगितलं होतं.

"अगं, शनिवारी माझा प्रयोग आहे. रविवारी सकाळी पोचते. त्या गावात जन्मलेय मी, मला हवा शिकवू नकोस."

झालं. ताई रविवारी अकराला आली. सोबत नाटकाचा निर्माता. उंच, बारीक माणूस, एका कानाला सतत फोन. ताईने दारातच धाकटीला मिठी मारली, मान मागे टाकून छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "वखारीचा वास अजून येतो गं."

"पावसाळ्यानंतर जास्त येतो," हॉलबाई म्हणाली. "गरम पाणी प्यायचं, गार नाही. आणि तालमीच्या आधी अर्धा तास पडून घे."

"बघू."

ताई पडली नाही. साडेअकराला ती रंगमंचावर होती. दिवे लावायला गावातला वायरमन आला होता. त्याला सगळे फ्यूजमामा म्हणत, कारण फ्यूज कुणाचाही गेला तरी मामाच लागायचा. तो शिडीवर, निर्माता पहिल्या रांगेत, आणि हॉलबाई नेहमीच्या जागी, पडद्याच्या कडेला.

नाटकाचा प्राण म्हणजे पुराचा उतारा. पाणी दारात आलंय, तीन घरांत तीन बाया अडल्यात आणि सुईण एका घरातून दुसऱ्या घरात धावतेय. हा दीड पानाचा मजकूर ताई जवळजवळ एका दमात म्हणायची. आवाज चढत चढत छताला भिडायचा आणि शेवटच्या शब्दाला टाळ्यांचा कडकडाट. लोक त्या दमासाठीच तिकीट काढत, असं निर्माता ज्याला त्याला सांगे.

त्या दिवशी ताई निम्म्यातही पोचली नाही. आवाज चढला, फाटला, आणि एकदम थांबला. ती टेबलाला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. हॉलबाई धावली नाही. तिने खुर्ची आणली, ताईच्या मागे ठेवली आणि खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"घाटात गाडी लागली असेल," निर्माता म्हणाला.

"गाडी नाही, हवा," हॉलबाई म्हणाली. "उतारा असा नाही म्हणता येणार इथे."

ताईने वर पाहिलं. "अठरा वर्षं असाच म्हणते मी तो."

"खाली म्हणतेस."

"म्हणजे आता तू मला नाटक शिकवणार?"

शिडीवरच्या फ्यूजमामाला अचानक दुसऱ्या टोकाच्या दिव्यात फार रस वाटू लागला. कान टोचायचे तर सोनारानेच टोचावेत, घरच्यांनी टोचले की जास्त दुखतं, हे हॉलबाईला ठाऊक होतं. पण या हॉलपुरती सोनार तीच होती. तिने आवाज चढवला नाही.

"नाटक तुझं. हॉल माझा. तुझ्यापेक्षा दांडग्या छातीचे गवई इथे धापा टाकताना पाहिलेत मी. इथे ओरडून चालत नाही आणि ओरडायची गरजही नाही. हळू म्हण. बसून म्हण. दम लागला की उघड उघड श्वास घे. सुईण म्हातारी आहे, तिला दम लागणारच."

"आणि मागच्या लोकांना काय ऐकू जाणार? माझी कुजबुज?"

"जाईल."

निर्माता मध्ये पडला. "बाई, लोक त्या चढत्या आवाजासाठी येतात. तो नसेल तर सरळ प्रयोग रद्द करू. तब्येतीचं कारण आहे, कुणी काही म्हणणार नाही."

"दोनशे बारा तिकिटं गेलीत," हॉलबाई म्हणाली. "माणसं घाट चढून येतायत. तुम्ही पाच मिनिटं फोनवर बोलून या बाहेर."

तो खरंच गेला. का गेला, हे त्यालाही नंतर सांगता आलं नसतं. फ्यूजमामाही शिडी उतरून त्याच्यामागे निघाला. हॉलबाई पायऱ्या उतरून खाली आली आणि मधल्या वाटेने चालत चौदाव्या, शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"आता काहीतरी बोल," ती तिथून म्हणाली. "माझ्या कानात बोलतेयस असं समज."

ताई खुर्चीत बसून होती. आधी तिने नाटकातलं एक वाक्य पुटपुटलं.

"पाणी उंबऱ्याला लागलं, म्हणालीस," हॉलबाईने सांगितलं. "अजून हळू."

ताईने पुढचं वाक्य म्हटलं. तेही फळ्यांवरून घरंगळत, स्वच्छ, शेवटच्या रांगेत येऊन पोचलं. मग ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मान खाली घालून, जणू स्वतःच्या मांडीला सांगावं तशी, ती म्हणाली, "त्या दिवशी मला कळलं होतं, छोटे. पहिल्या घंटेच्या आधी निरोप आला होता. मी यायला हवं होतं."

इतकी वर्षं हॉलबाईने गृहीत धरलं होतं की निरोप उशिरा पोचला असेल. तशी सोय तिने स्वतःच करून ठेवली होती. आता ती सोय मोडली, आणि नवल म्हणजे तिला हलकं वाटलं. राग आला, पण तो पाय रोवून उभं राहता येईल असा होता.

"ऐकू आलं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "त्यावर बोलू आपण. मला बरंच बोलायचंय आणि तुला ते ऐकून घ्यावं लागेल. पण आज चार वाजता तुझा प्रयोग आहे. उतारा म्हण."

ताईने डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि बसून, हळू आवाजात, पुराचा उतारा म्हटला. चार ठिकाणी थांबली. पहिल्यांदा थांबताना तिला लाज वाटली, ते दिसलं. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा सुईणच थांबली होती.

"मी इथेच उभी राहीन," हॉलबाई म्हणाली. "ऐकू आलं नाही तर उजवा हात वर करीन. हात खाली असेल तर तू निर्धास्त."

मग तिने ताईला रंगपटात सतरंजीवर आडवं केलं, अंगावर दोन शाली टाकल्या आणि बाहेरून कडी लावली. निर्मात्याला तिने एवढंच सांगितलं की प्रयोग होणार आहे आणि उताऱ्याच्या वेळी त्याचा फोन बंद असला पाहिजे.

चारला हॉल भरला. पडदा उघडायचं काम हॉलबाईने आयुष्यात पहिल्यांदाच फ्यूजमामावर सोपवलं आणि ती मागे जाऊन उभी राहिली. पहिला भाग उत्तम रंगला. लोक हसले, एक बाई तर इतकी हसली की तिच्या नवऱ्याला आजूबाजूला माफी मागावी लागली. ताई जपून चालत होती, वाक्यांच्या मधल्या जागा वापरत होती.

मग पूर आला. ताईने खुर्ची ओढली आणि बसली. पहिल्या रांगेशेजारी टाकलेल्या जादा खुर्चीत बसलेला निर्माता तिच्या कडेवर सरकला. ताई बोलू लागली, आणि हॉल पुढे झुकला. हे हॉलबाईला मागून नीट दिसलं. दोनशे बारा पाठी एकदम खुर्चीपासून सुटल्या. कुणीतरी गोळीचा कागद सोडायला घेतला होता, तो तसाच बोटांत धरून राहिला. सुईण दुसऱ्या घरात पोचली, थांबली, श्वास घेतला. लोकांनीही घेतला. तिसऱ्या घरात तिला पोर उलटं असल्याचं कळलं, तेव्हा ताईचा आवाज इतका खाली गेला की हॉलबाईचा उजवा हात आपसूक थोडा हलला. तिने तो डाव्या हाताने धरला. प्रत्येक शब्द येत होता.

उतारा संपला. टाळी वाजली नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या जागी शांतता पडली, आणि ताईची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. हॉलबाईचे दोन्ही हात खाली होते. ताई उठली आणि तिने नाटक पुढे नेलं. शेवटी पडदा पडल्यावर मात्र लोक उभे राहिले. आठ मिनिटं टाळ्या चालल्या, फ्यूजमामाने घड्याळ लावून मोजलं होतं.

निर्माता रंगपटात आला तो हात जोडूनच. "बाई, आमच्याबरोबर चला. दौऱ्यावर तुमच्यासारखं माणूस हवंय."

"गुरुवारी इथे बाहुल्यांचा खेळ आहे," हॉलबाई म्हणाली. "शाळेची तीनशे पोरं येणार, खुर्च्या दोनशे बारा. ते कोण बघणार? तुम्हाला हव्या त्या सूचना लिहून देते, घेऊन जा."

ताई आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग उतरवत होती. निर्मात्याला ती म्हणाली, "तुम्ही निघा धुक्याआधी. मी बुधवारपर्यंत राहतेय." मग आरशातूनच बहिणीकडे पाहून, "चालेल ना?"

"पांघरुणं पुरतील," हॉलबाई म्हणाली.

त्या तीन दिवसांत धाकटीने सहा वर्षांचं सगळं बोलून टाकलं. एकदा ताटावरून उठून गेली, एकदा ताई रडली, एकदा दोघी आईची नक्कल करता करता हसून बेजार झाल्या. सगळं मिटलं असं नाही. पण आता त्या गोष्टीला वळसा घालावा लागत नव्हता. समोरून जाता येत होतं.

पुढची पाच वर्षं ताईने पुराचा उतारा सगळीकडे बसूनच म्हटला, हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहातसुद्धा. एका वर्तमानपत्राने लिहिलं की तिच्या अभिनयाला आता नवी खोली आली आहे. ताईने ते कात्रण डोंगरावर पाठवलं. सोबत एका ओळीचं पत्र होतं: पुढच्या हंगामाची तारीख कळव, मी तीन दिवस आधी येते.