चौदा टाक्यांचा पट्टा

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना पॅड आहे. बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षक पायांना बांधतो, त्या जोडीतला. वरून घोड्याचं चामडं, आत ठासून भरलेले हरणाचे केस. कोरडा असताना माझं वजन चार किलो; सामना संपेपर्यंत वितळलेलं बर्फ पिऊन साडेपाच. उजवा पॅड जरा हलका राहायचा, कारण आमचा तौनो कोस्केला नेहमी डाव्या गुडघ्यावर बसायचा.

तौनो निकेलच्या खाणीत काम करायचा. त्या काळी संघ एकच गोलरक्षक बाळगत. म्हणून यजमान गावाने एक राखीव गोलरक्षक प्रेक्षकांत बसवायचा आणि ज्या बाजूचा गोलरक्षक जखमी होईल त्या बाजूने त्याने उतरायचं, असा नियम होता. तौनो चार हिवाळे त्या खुर्चीवर बसला. तो वर शेंगदाणे खायचा आणि आम्ही दोघं खाली खिळ्यावर. सरावात मात्र गावच्या संघाचे शंभरेक फटके रोज आमच्याच अंगावर. "पुढच्या वर्षी करार तुझाच," असं संघाचा मालक दर वर्षी म्हणायचा.

गावच्या संघाचं सामान मर्व्ह प्रिचेट सांभाळायचा. इतर लोक ओले पॅड बॉयलरशेजारी टांगत. ते वरून वाळत आणि मग तडकत. मर्व्ह मला वाऱ्याला टांगायचा आणि मधूनमधून फिरवायचा.

मार्चमधल्या एका सामन्यात गावचा संघ एका गोलने मागे होता. हरला तर हंगाम तिथेच संपणार होता. मधल्या सत्रात पाहुण्यांच्या गोलरक्षकाच्या भुवईवर चकती, म्हणजे या खेळातला रबरी चेंडूच, बसली. त्यांचा प्रशिक्षक थिबो वर बघून ओरडला, "ए शेंगदाणेवाले, ये खाली!"

तौनोने पाहुण्यांचा लाल सदरा चढवला. गावच्या संघाचा कर्णधार कर्ली हसत म्हणाला, "जावईबापू, रुसू नका हं. दोनच गोल मागतोय!"

मालक कठड्याशी वाकून हळूच बोलला, "कोस्केला, करार माझ्या खिशात आहे. फार धावपळ करू नकोस."

तौनो गोलपुढे जाऊन उभा राहिला. त्याने सत्र संपेपर्यंत अकरा फटके अडवले. तोवर कर्लीचं हसू मावळलं होतं. "घरभेद्या!" कोणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडू लागले.

विश्रांतीत पाहतो तो माझा वरचा पट्टा उसवलेला. तौनो मला घेऊन थेट मर्व्हकडे गेला.

"शत्रूचं सामान माझ्याकडे आणतोस होय?"

"टाका तुझाच सुटलाय, मर्व्ह."

मर्व्हने मला मांडीवर घेतलं. दोन ढिले टाके घातले असते तरी कोणाला कळलं नसतं. त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने चौदा घातले आणि प्रत्येक टाका पकडीने ओढून पाहिला.

शेवटची सत्तावीस सेकंदं उरली असताना कर्ली एकटाच सुटून आला. तौनो डाव्या गुडघ्यावर बसला. चकती माझ्यावर आदळली, केस दबले, पट्टा ताणला गेला. टाके टिकले. चकती माझ्यापुढेच पडली.

मालकाने खिशातला कागद बाहेर काढलाच नाही. मर्व्ह म्हणाला, "मस्त अडवलंस, गाढवा! आता सहा महिने घरी बसून बायकोची बोलणी खातो." आणि मला वाऱ्याला टांगायला घेऊन गेला.

पुढच्या हिवाळ्यात थिबोने तौनोला बोलावून घेतलं. तिथे तो दोन हंगामांत एकोणीस सामने खेळला. मग गुडघा गेला आणि तो खाणीत परतला. त्याला ओळखणारे आता फार उरले नाहीत. पण त्या पहिल्या सामन्यात त्याच्यावर एकही गोल झाला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आज मी मैदानाच्या अडगळीत, नेमका बॉयलरशेजारी टांगलेला आहे. चामडं तडकू लागलंय. मित्रांनो, मला इथून हलवा, थोडं तेल लावा. अंगावरचा काळा डाग मात्र घासू नका. तो कर्लीच्या फटक्याचा आहे. आणि शिवायला घ्याल तेव्हा मी कोणाच्या बाजूने खेळलो ते विचारू नका. टाका पक्का घाला.