गार इंजिनाची गळती

माझ्या हाताखालून हजारभर इंजिनं गेली असतील, पण त्या ट्रकएवढं मला कुणी चकवलं नाही. दर गुरुवारी दुपारी तो गॅरेजात यायचा आणि ड्रायव्हर उतरायच्या आधीच ओरडायचा, "मिस्त्री, गाडीनं परत दोन लिटर कूलंट ढोसलं!"

उंचीमुळे सगळे त्या ड्रायव्हरला लंबू म्हणायचे. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. मी रेडिएटर चाचपायचो, पाण्याचा पंप बघायचो, तेलात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, उतरलंय का ते पाहायचो, आणि तो शेजारी उभा राहून मेहुण्याच्या लग्नात सासऱ्यांचे बूट कसे हरवले ते सांगायचा. तेही तिसऱ्यांदा.

"जरा गप्प बस, गळती ऐकू दे," मी खेकसायचो.

"गळती बोलली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

कुठेच ओल नसायची. मी कूलंट भरून द्यायचो, तो चहा पिऊन जायचा.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून लोक माझ्याशी बोलतात ते एवढंच, की गाडी कधी मिळेल. घरी फक्त रेडिओ बोलतो, आणि त्यालाही मी उलट उत्तरं देतो.

चौथ्या गुरुवारी लंबूला कणकण होती, म्हणून तो ट्रकमध्येच मुक्कामाला राहिला. सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा तो केबिनमध्ये घोरत होता. इंजिन गारठलेलं. मी सहज गाडीखाली सरपटत जाऊन बॅटरी मारली. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या टोकाला, तो आवळणाऱ्या क्लिपजवळ, एक हिरवा थेंब लटकत होता. तो पडला आणि दुसरा जमायला लागला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गार झालं की पाइप आकसायचा, क्लिप सैल पडायची आणि पाझर सुटायचा. चालून तापलं की पाइप फुगून फट बंद. माझ्याकडे गाडी नेहमी तापूनच यायची, मग दिसणार काय? नवी क्लिप घातली की दहा मिनिटांत काम फत्ते.

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि परत ठेवला.

"सापडलं का हो?" लंबूनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यानं पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "रोज सकाळी भरत जा. गुरुवारी बघू."

खोटं का बोललो? गुरुवार हातचा जाऊ नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढचे पाच गुरुवार मी कोरड्या जागा मोठ्या तन्मयतेनं तपासल्या. सासऱ्यांचे बूट आणखी दोनदा हरवले, आणि मी हसलोसुद्धा.

त्यानंतरच्या गुरुवारी तो उतरला तो गप्पच. चहाही नको म्हणाला.

"मालक म्हणतो, ज्याला गाडीतलं पाणी राखता येत नाही त्याला गाडी कशाला? सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर. बावीस वर्षं चालवली मिस्त्री. मला दुसरं काही येत नाही."



"सापडलंय," मी म्हणालो.

"कधी?"

"तू आजारी होतास त्या सकाळी."

मी त्याच्यासमोरच मालकाला फोन लावला आणि सांगितलं, चूक माझी, ड्रायव्हरची नाही. मालकानं मला दोन शिव्या घातल्या आणि लंबूला कामावर ठेवलं. मग इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो. संध्याकाळ झाली. इतका वेळ तो गप्प बसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी जुनी क्लिप काढली आणि नवी आवळली.

गाडीत चढताना तो म्हणाला, "गप्पाच मारायच्या होत्या तर तसं सांगायचं ना, मिस्त्री. गाडी धडधाकट असती तरी आलो असतो."

पुढच्या गुरुवारी नेहमीच्या वेळेला तो ट्रक रस्त्यावरून गेला. वेग कमी झाला नाही, हॉर्नही वाजला नाही. तापलेली गाडी गळत नाही हे ठाऊक असूनही मी बाहेर जाऊन रस्ता पार वळणापर्यंत वाकून वाकून बघितला. एक थेंबही पडला नव्हता. काम चोख झालं होतं.