समुद्राकडे तोंड करून

खुर्चीचे पाय वाळूत रुतत होते, तरी त्याने ती तिसऱ्यांदा उचलली आणि आणखी थोडी फिरवली. आता समोर नुसता समुद्र होता. टेबल उजव्या कोपराशी आलं होतं.

"अहो, बसा आता," बायको म्हणाली. "खुर्ची आहे ती. तोफ असल्यासारखी काय रोखताय?"

"ऊन डोळ्यांवर येत होतं."

"ऊन मागून येतंय," मुलगी म्हणाली.

तो बसला. ऊन खरंच मागून येत होतं. पण आता खुर्ची पुन्हा फिरवणं म्हणजे हसं करून घेणं, म्हणून त्याने डोळे बारीक केले आणि ऊन लागल्यासारखा चेहरा केला.

बारा टेबलं, वर झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू. या जागेचं नाव ऐकून माणसं विमानं बदलून येत. दाराशी मानपत्रांच्या चौकटी इतक्या होत्या की भिंत पुरली नाही, शेवटच्या दोन हात धुवायच्या बेसिनवर लावल्या होत्या. दुपारची एकच पंगत. मेनूकार्ड नाही. आत चुलीपाशी जी बाई होती तिला त्या दिवशी जे करावंसं वाटेल ते. चार महिन्यांपूर्वी त्याने या टेबलासाठी फोन लावायला सुरुवात केली होती, आणि अकराव्या दिवशी तो लागला होता.

त्याला स्वतःला या जागेचं काही नव्हतं. मुलीला होतं.

वर्षभर मुलगी जेवत नव्हती. म्हणजे जेवायला बसायची. भात ताटाच्या या कडेचा त्या कडेला न्यायची, डाव्या हाताने ओढणी सारखी करायची, मग पोट भरलं म्हणून उठायची. मधले सहा आठवडे दवाखान्यात गेले. तिथल्या बाकावर पडलेल्या एका जुन्या मासिकात तिला या जागेचं पान सापडलं. ते फाडून तिने घडी केलं आणि घरी आल्यावर कपाटाकडे बघत म्हणाली, "इथे जेवायला बसावंसं वाटतं."

जेवायला बसावंसं. त्याने तेवढं ऐकलं आणि रजेचा अर्ज टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोला बोलावून पुन्हा पढवलं होतं. जेवताना तिच्याकडे बघायचं नाही. मोजायचं नाही. खाल्लं तर शाबासकी नाही, नाही खाल्लं तर सुस्कारा नाही.

"मग आम्ही करायचं काय?" बायकोने विचारलं होतं.

"तुम्ही बोलत राहा. इकडचं तिकडचं."

बायकोला काम मिळालं. बोलणं ही काय तिला अवघड गोष्ट? पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिने वीस वर्षं माणसांना बोलण्यात गुंतवलं होतं. पंचाईत त्याची होती. तो वजनमापे निरीक्षक. बाजारातले तराजू तपासण्यात सव्वीस वर्षं गेली होती, आणि भाजीवाल्याने पारडं उचलायच्या आत त्याला कळायचं, किती मारलंय. डोळ्यांच्या जागी दोन पारडी आहेत, असं ऑफिसात म्हणत. माणूस डोळे मिटू शकतो, पण जेवणाच्या टेबलावर डोळे मिटून कोण बसतं? म्हणून समुद्र.

"काल खोलीत मोजल्या मी," बायकोने सुरुवात केली. "नऊ उश्या. माणसं तीन, उश्या नऊ. म्हणजे उश्यांना पलंगावर झोपवायचं आणि आपण खाली सतरंजीवर, असं आहे का इथे?"

"एक पायाखाली घेतात, आई."

"पायाने काय पुण्य केलंय?"

वाढायला एक पन्नाशीची बाई आली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. तिच्या मागून दोघांनी मिळून एक मातीची परात आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. नारळाच्या दुधात शिजलेला भात, पानांत भाजलेला अख्खा मासा, कोळंबी, भोपळ्याच्या फोडी, काठाला लिंबं. बाईने तिघांपुढे एकेक चमचा, एकेक काटा आणि एकेक रुमाल ठेवला, मधे माशाच्या काट्यांसाठी एक बशी. मग ती गेली.

"आणि ताटं?" बायकोने विचारलं. "अहो, ताटं विसरल्या त्या."

"ताटं नसतात इथे," मुलगी म्हणाली. "सगळ्यांनी यातूनच खायचं. त्या पानावर लिहिलं होतं."

त्याने ते पान पाहिलं होतं, पण फोटो आणि फोन नंबर एवढंच.

मुलीने काटा उचलला, माशाच्या पाठीवरचं पान अलगद सोललं आणि खालचा पांढरा तुकडा—

समुद्र. समुद्राला तीन रंग होते. किनाऱ्याशी ताकासारखा, मधे बाटलीच्या काचेसारखा, आणि पलीकडे, जिथे बघून काही उपयोग नाही तिथे, गडद निळा. एक होडी होती. होडीत एक माणूस होता आणि तो काहीच करत नव्हता. त्याला बघून निरीक्षकाला हेवा वाटला.

कोपराशी काटा परातीला लागल्याचा आवाज झाला. कुणाचा, ते कळलं नाही.

"उश्यांचं जाऊ दे," बायको म्हणत होती. "तो न्हाणीघरातला नळ. डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे फिरवला की जास्त गरम. मी आज सकाळी अंडं असते तर उकडून निघाले असते."

मुलगी हसली. तिच्या चमच्यात आता भात होता. फार नव्हता, पण चमचा वर—

वस्तू: समुद्र. धारकाचं नाव: कळलं नाही. मागील तपासणी: झालेली नाही. शिक्का: नाही. माल सतत हलता असल्याने काटा स्थिर होत नाही. शेरा: भरती आहे की ओहोटी, हे निरीक्षकास सांगता येत नाही.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यांच्या परातीत एकच कोळंबी उरली होती. आजोबांनी ती आजींकडे सरकवली, आजींनी परत सरकवली. असं चारपाच वेळा झालं. मग आजींनी ती उचलून खाऊन टाकली आणि आजोबा दुखावल्यासारखे बघत राहिले.

त्याला हसू आलं, आणि त्या हसण्यात सावधपण सुटलं.

"मापटं, लिंबू दे गं जरा."

बायकोचं बोलणं नळावरच थांबलं.

मापटं. लहानपणी मुलगी गोल गुटगुटीत होती म्हणून ठेवलेलं नाव. वजनमाप्यांच्या घरात दुसरं काय ठेवणार? दर वाढदिवसाला तो तिला ऑफिसात घेऊन जायचा, पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं करायचा, आणि आकडा कपाटामागच्या भिंतीवर खडूने लिहायचा. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे टाळ्या वाजवायचे. चौदाव्या वाढदिवसाला ती काट्यावर चढली नाही. त्याने हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरीणबाईंना त्याने हे आपणहून सांगितलं. त्यांनी फक्त लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं, हेच त्याला लागलं होतं. घरात ते नाव वर्षभर कुणी काढलं नव्हतं.

"घे," मुलीने लिंबाची फोड त्याच्या हातावर ठेवली.

त्याने ती पिळली. कशावर पिळली ते त्याचं त्यालाच माहीत. बोटं रुमालाला पुसून तो पुन्हा समुद्राकडे वळला, पण आता समुद्रात लक्ष लागेना. नजर परातीवर गेली आणि गेली ती तिथेच बसली. आला तेव्हा भात किती होता, ते त्याने न बघता बघितलंच होतं. आता काठाला खड्डा पडला होता. त्यातून बायकोचे घास वजा करायचे. बोलता बोलता ती किती खाणार? समजा एवढं. माशाची एक बाजू उघडी पडली होती. काटे मधल्या बशीत होते, बरेच होते. मग बाकी राहतं ते—

"बाबा, मोजतोयस."

"नाही गं."

"ओठ हलतात तुझे. मोजताना. भाजीबाजारात पण हलायचे."

त्याने ओठ मिटले. फार उशीर झाला होता. बायको रुमालाची घडी घालत बसली. तिला पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं.

"मी काही मुद्दाम..." तो म्हणाला. "दिसतं मला."

"माहीत आहे. मलापण दिसतं." मुलगी भोपळ्याची फोड काट्याने चेपत होती. "वाटीत किती आहे ते हात न लावता कळतं मला. कुणाच्याही वाटीत. थांबवू म्हटलं तर थांबत नाही. तुझ्याकडून आलंय ते."

वर्षभर तो या वाक्याची वाट बघत होता. रात्री कूस बदलताना, ऑफिसात कपाटाकडे पाठ करून बसताना, हे वाक्य कधीतरी येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते आलं, आणि मुलीने ते नाक आजीवर गेलंय म्हणावं तसं सांगितलं. त्यात काही नव्हतं. त्याने पुन्हा पुन्हा तपासलं. काही नव्हतं.

"मग सांग," ती म्हणाली, "मी किती खाल्लं?"

त्याने पाण्याचा पेला उचलून घोट घेतला.

"सांग की. निरीक्षक ना तू?"

"नाही सांगता येत," तो शेवटी म्हणाला. "ताटच नाही."

"हं," मुलगी म्हणाली. "म्हणून तर इथे."

लाट येऊन गेली. शेजारच्या आजोबांनी कशासाठी तरी खुर्ची मागे ढकलली.

"पण तुझं सांगू?" ती म्हणाली. "तुझं सांगता येतं. लिंबाची एक फोड, ती पण पिळून टाकलीस. पाणी तीनदा. संपलं. चमचा बघ तुझा."

त्याने चमचा बघितला. त्यात छप्पर दिसत होतं, उलटं.

"घरीपण तेच. मी भात इकडेतिकडे करत बसते, आणि तू माझ्यासमोर बसून घास हातात धरतोस. मी उठले की तो खाली ठेवतोस. आईला कळत नाही, ती मोजत नाही म्हणून."

"कळत नाही?" बायकोने रुमाल खाली ठेवला. "पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत ह्यांनी. खिळ्याने. हातोडा न्हाणीघरात लपवला होता, साबणाच्या मागे. साबणामागे हातोडा लपतो का? मला सगळं कळतं. पण मला काम दिलंय बोलायचं, मी बोलते."

मुलीने माशाचा एक तुकडा वेगळा केला, त्यातले काटे एकेक करून काढले, बशीत ठेवले, आणि तुकडा परातीच्या काठाकाठाने त्याच्या बाजूला आणला. त्यावर चमचाभर भात सरकवला.

"घे."

त्याने चमचा भरला. तोंडाशी नेला. आता वळून बसल्यावर समोर मायलेकी होत्या, चार डोळे, आणि चारही डोळ्यांत माया होती. तेच जड जात होतं. हात जड झाला. चमच्यावर किती आहे, आपण तोंड किती उघडलं, गिळताना गळा कसा हलला, हे सगळं कुणीतरी नोंदवून घेतंय, आणि गिळलं की त्या चेहऱ्यांवर काहीतरी उजळणार आहे. ते उजळायला नको म्हणून गिळू नये, असं त्याला वाटलं. साधा मासा, साधा भात, आणि तो गिळता येईना.

"बघू नका ना," तो म्हणाला.

म्हटल्यावर ते त्याला ऐकू आलं.

बायकोने पटकन परातीकडे मान वळवली. मुलीने नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण आता त्याच्या हाताकडे नाही, चमच्याकडे नाही. फार दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं.

"असंच होतं," ती हळूच म्हणाली.

त्याने मान हलवली.

"आई, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीपण बोल ना. इतका वेळ काय विचारून बोलत होतीस?"

बायकोने घसा साफ केला आणि तिच्या ऑफिसातल्या एका बाईंची गोष्ट सुरू केली. त्या बाईंनी मांजर पाळलं होतं, मांजराने शेजाऱ्यांना पाळलं होतं, आणि आता शेजारी म्हणत होते की मांजर आमचं आहे. गोष्ट लांब होती. तीत एक वकील होता, एक दुधाचं भांडं होतं, आणि मधेच एक लग्न पण झालं. मुलगी कधी "मग?" म्हणायची, कधी नाही. त्याने पहिला घास कधी गिळला ते त्याला कळलं नाही. दुसऱ्याला नारळाची चव लागली. कोळंबी चांगली होती. भोपळा त्याला जन्मात आवडला नव्हता, पण तोही गेला. त्याचा चमचा आणि मुलीचा चमचा एकदा भाताच्या एकाच ढिगात आपटले, आणि दोघांनी ते मनावर घेतलं नाही.

बाह्या दुमडलेली बाई पुन्हा आली. परातीत थोडं उरलं होतं. बरीचशी टेबलं रिकामी झाली होती. तिने परातीच्या एका कडेला हात घातला आणि विचारलं, "नेऊ का?"

मुलीने परातीच्या दुसऱ्या कडेवर हात ठेवला. बोलायला तिने मान वर केली, पण तिच्या तोंडात घास होता. तिने बापाकडे पाहिलं. त्याच्याही तोंडात होता.

"राहू द्या थोडा वेळ," बायको म्हणाली. "जेवतायत अजून दोघं."